तळ्याला हरकत नाही

विमानतळावर त्यांना सगळे बुजगावणे म्हणायचे, आणि ते इतकं रुळलं होतं की नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं. काम रनवेवरची पाखरं हुसकवायचं. पहिलं विमान सुटायच्या आधी जीपमधून एक फेरी, मग दर दोन तासांनी एक, दिवस मावळताना शेवटची. हातात नुसत्या आवाजाची बंदूक, जीपच्या टपावर भोंगा आणि मांडीवर जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. किती वाजता, कुठल्या टोकाला, कोणती पाखरं, किती, उंचावरून की खालून, सगळं त्यात. बावीस वर्षांत अशी एकतीस रजिस्टरं भरली होती आणि ती सगळी त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ओळीने उभी होती.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं, टाळी वाजवली की पाखरू उडतं. हे बुजगावण्यांसमोर बोलायची सोय नव्हती. एकदा बोललात की पाऊण तासाची निश्चिंती. गवत वीतभरच का ठेवायचं, तोकडं कापलं की किडे टिपणारी पाखरं कशी उतरतात, वाढू दिलं की उंदीर आणि उंदरांमागे घारी कशा येतात, इथून सुरुवात व्हायची. मग यायचं ते सामानाच्या गोदामामागचं डबकं. आठ वर्षांपूर्वी तिथला नळ फुटला, पाणी साचलं, आठवड्यात चाळीस बदकं वस्तीला आली. बुजगावण्यांनी रोज एक अशा चार चिठ्ठ्या लिहिल्या, कोणी ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी एका विमानाच्या इंजिनात बदक गेलं, पाती मोडली आणि विमान अर्ध्या वाटेतून परत आलं. माणसं वाचली. तेव्हापासून बुजगावण्यांची चिठ्ठी आली की लोक ती दोनदा वाचायचे. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज असा काही चढायचा, की जणू विमान त्यांनीच खांद्यावर झेलून खाली ठेवलं होतं.

बायकोही त्याच विमानतळावर कामाला. टर्मिनलच्या साफसफाईवर तिची देखरेख. तिला सगळे बुजगावणेबाई म्हणत. तिला त्यात वावगं वाटत नव्हतं आणि यांना तर फारच गोड वाटायचं.

मग एक दिवस बाईंनी बादली लावली. टर्मिनल गार ठेवणाऱ्या मशीनमधून दिवसभर पाणी ठिबकतं आणि गटारात जातं, हे तिथल्या प्रत्येकाने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. बाईंनी त्याखाली बादली ठेवली आणि ती किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघितलं. असं आठवडाभर केलं. मग मॅनेजरसाहेबांकडे जाऊन सांगितलं, की एवढ्या पाण्यात डाव्या बाजूच्या सगळ्या संडासांच्या टाक्या भरतील. साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले, आणि तीन महिन्यांत तसे पाइप बसले.

नेमकं त्याच सुमारास वरून हुकूम आला, की प्रत्येक विमानतळाने पुढच्या वीस वर्षांचा पर्यावरणाचा आराखडा करायचा. प्रवासी दुप्पट होणार, पण वीज, पाणी, कचरा, धूर हे सगळं कमी व्हायला हवं. कसं ते कागदावर दाखवा. साहेबांच्या डोळ्यांसमोर बादली आली. काम बाईंकडे आलं. दोन वर्षं ती बाई राबली. सुट्टीच्या दिवशी टपालाने येणारा अभ्यास, बाकीच्या दिवशी विमानतळ पायाखाली. उभ्या विमानाने स्वतःचं इंजिन चालू ठेवण्याऐवजी जमिनीवरून वीज कशी घ्यायची, खाण्याच्या दुकानांतला ओला कचरा कुठे जिरवायचा, गाडीतळावरच्या पत्र्यावर सौर तावदानं किती बसतील, सगळं तिने खोदून खोदून विचारलं. आराखडा तीन बाहेरचे परीक्षक तपासणार होते. त्यांनी मंजूर केला तर बाई त्या खात्याच्या कायमच्या प्रमुख. नाही केला तर परत फिनेल आणि फरशी. हे तिला साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आणि इथून बुजगावण्यांच्या पोटात दुखायला लागलं.

आधी नावावरून. कॅन्टीनमध्ये एक नवा माणूस त्यांच्यासमोर ताट घेऊन बसला आणि म्हणाला, "तुम्ही प्लॅनबाईंचे मिस्टर ना?" बावीस वर्षं, एकतीस रजिस्टरं, चाळीस बदकं, आणि शेवटी काय, तर प्लॅनबाईंचे मिस्टर.  मग विमानतळाच्या मासिकात बाईंचा फोटो आला. काढताना दोघं शेजारी उभी होती. छापलेल्या फोटोत बाई पूर्ण होत्या आणि यांचं एक कोपर होतं. बुजगावण्यांनी ते कोपर जीपच्या ड्रायव्हरला दाखवलं. ड्रायव्हर जुना, यांच्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "कोपर छान आलंय हो. रुबाबदार." बुजगावण्यांनी मासिक सीटखाली कोंबलं.

वर त्यांच्या आईचा फोन. "सूनबाईचा फोटो आला म्हणे. मी शेजारच्या सगळ्यांना दाखवला. तू पण काहीतरी कर ना रे असं." पन्नाशीच्या माणसाला. बुजगावणे म्हणाले, "करतो," आणि फोन ठेवला.

आता हे काही वाईट गृहस्थ नव्हते, हे मला आधीच सांगायला हवं होतं. बायकोवर जीव होता. तिच्या परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक यांनीच केला होता, आणि मीठ सोडलं तर तो बराही होता. पण मत्सर ही चीज अशी, की ती माणसाच्या चांगुलपणाला विचारून येत नाही. बाईंच्या टेबलावरचा दिवा दिसला की यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग ते टोमणे मारायचे. "आमच्याकडे हल्ली भाजीचाही वीस वर्षांचा आराखडा असतो." पाहुणे हसायचे. बाईही हसायची. तिला खरंच वाटायचं की ही थट्टा आहे.

तळ्याची गोष्ट घडली ती एका रविवारी, दुपारच्या चहाला. बाईंनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. रनवेवर आणि छपरांवर पडणारं पावसाचं पाणी साठवायला एक मोठं तळं आखलं होतं. बाई म्हणाली, "अहो, जरा हे बघता का? जागा पश्चिमेच्या टोकाला घेतली आहे. तिथे सगळ्यात जास्त उतार आहे, म्हणजे पाणी आपलं आपण वाहत येईल, पंप लागणार नाही. केवढी वीज वाचते माहितीये?"

"हं," बुजगावणे म्हणाले.

"पाणी आलं की पाखरं येतात, हे तर मी तुमच्याकडूनच शंभरदा ऐकलंय. म्हणून वरून पूर्ण जाळी घेतली आहे. खांबांवर ताणलेली. पाखराला पाण्यात उतरताच येणार नाही. पण तुम्ही एकदा नजर टाका. तुम्ही हो म्हणालात की मी निवांत."

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. बुजगावण्यांनी उचलला. पलीकडे मॅनेजरसाहेब. "प्लॅनबाई आहेत का?"

"आहेत. देतो."

"आपण कोण बोलताय?"

या साहेबांच्या टेबलावर बुजगावण्यांची चिठ्ठी दर आठवड्याला जात होती. रोज सकाळी वॉकीटॉकीवर बुजगावण्यांच्या याच आवाजाने साहेबांना रनवे मोकळा असल्याचं कळवलं होतं. बुजगावण्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि नकाशासमोर जाऊन बसले. ती खिडकीशी उभी राहून साहेबांशी बोलत होती, मधेच हसत होती.

नकाशा बघायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. पश्चिमेच्या टोकाला एका अंगाला नदीचं वळण, दुसऱ्या अंगाला जुनी झाडांची रांग. बगळे रात्री झाडांवर बसतात आणि दिवसा नदीवर जातात. रोज उजाडताना आणि मावळताना दोन-अडीचशे बगळे बरोबर त्या पट्ट्यावरून ये-जा करतात. आज ते उंचावरून जातात, कारण खाली थांबण्यासारखं काही नाही. तिथे पाणी चमकू लागलं की ते खाली येणार. पाण्यात उतरता आलं नाही तर जाळीच्या खांबांवर बसणार, काठच्या ओल्या मातीत बेडूक शोधणार. आणि त्यांच्या डोक्यावरून, झाडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवरून, उतरणारी विमानं जाणार. जाळी बदकांना अडवते. बगळ्यांना ती बसायची जागा झाली असती. हे पृथ्वीच्या पाठीवर एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस त्या टेबलाशी बसून कप उचलत होता.

बाई फोन ठेवून आली. "काय म्हणता? चालेल?"

"चालेल की."

"नीट बघितलंत ना?"

"बघितलं म्हटलं ना. तळ्याला हरकत नाही."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. तिने नकाशाची गुंडाळी केली आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. बुजगावणे तो प्यायले. वाईट वाटण्याऐवजी त्या क्षणी त्यांना फार बरं वाटलं, आणि हेही सांगून टाकलेलं बरं.

त्यांचा हिशेब काय होता, ऐका. विमान पडावं असं त्यांच्या मनात स्वप्नातही आलं नव्हतं. तळं काही उद्या खणायचं नव्हतं. परीक्षक येतील, ते पाखरांचं विचारतील, ही अडखळेल, हिची बोलती बंद होईल. मग ती घरी येईल, याच टेबलाशी बसेल आणि म्हणेल, अहो, आता काय करू? तेव्हा आपण सांगायचं. शांतपणे, रजिस्टरं काढून, एकेक तारीख दाखवून. बस, एवढंच हवं होतं. तिने एकदा अडखळावं आणि आपल्याकडे यावं. पुढचे तीन आठवडे ते हे चित्र जीपमध्ये बसून इतक्यांदा रंगवत राहिले, की एकदा बगळ्यांचा आकडा लिहायचा राहून गेला. ड्रायव्हरने आठवण करून दिली तर त्याच्यावरच खेकसले.

एकदा सांगायला गेलेही होते. बाई आरशासमोर उभी राहून बैठकीतलं बोलणं पाठ करत होती. बुजगावणे दाराशी आले, म्हणाले, "अगं, ते तळं..." तेवढ्यात ती वळून म्हणाली, "थांबा हं जरा, मी विसरेन." जरा थांबायचं. म्हणजे आता घरात बोलायलाही नंबर लावायचा. बुजगावणे आल्या पावली मागे फिरले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

बैठक टर्मिनलच्या वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत होती. एका बाजूला मोठी काच, काचेतून रनवे. खात्याखात्याचे प्रमुख आले होते. बुजगावण्यांना शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली, तीही एक पाय डुगडुगणारी. त्यांना त्याचाही राग आला. समोर तीन परीक्षक. त्यातल्या एक म्हाताऱ्या बाई, जाड चष्म्याच्या, पूर्वी टॉवरमध्ये बसून विमानं उतरवायच्या.

बाई बोलायला उभी राहिली. हातात कागद नव्हता. वीज झाली, कचरा झाला, उभ्या विमानांचा धूर झाला. एक आकडा चुकला नाही. एका परीक्षकाने खोचक विचारलं, "सौर तावदानांची चमक पायलटच्या डोळ्यावर आली तर?" तिने कोणत्या महिन्यात, किती वाजता, कुठल्या कोनात चमक पडते आणि म्हणून कुठल्या छपरावर तावदानं घेतलीच नाहीत, ते सांगितलं. खोली शांत ऐकत होती. बुजगावण्यांचा ऊर भरून आला, आणि लगेच तिथेच जळजळायलाही लागलं. ही आपली बायको. आणि इथे आपण डुगडुगत्या खुर्चीवर.

मग तळं आलं. जाड चष्म्याच्या बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "हे तर रनवेच्या तोंडाशीच आहे. पाखरांचं काय?"

बुजगावण्यांनी तीन आठवडे ज्याची वाट पाहिली तो प्रश्न हाच. ते पुढे सरकून बसले. आता ही अडखळेल.

बाई अडखळली नाही. उलट तिच्या तोंडावर हसू आलं. "मॅडम, हा प्रश्न मी माझ्या अंदाजावर सोडलेला नाही. या मैदानावरचं पाखरू न् पाखरू ओळखणारा एक माणूस आमच्याकडे आहे. आठ वर्षांपूर्वी त्यांचं ऐकलं नाही, तर विमान परत फिरवावं लागलं होतं. त्यांना नकाशा दाखवून, विचारून, मगच मी तळ्याची जागा पक्की केली. पान त्रेचाळीसवर त्यांचं नाव आहे. सगळ्या आराखड्यात सल्लागार म्हणून मी एकच नाव घातलंय. ते मागे बसले आहेत."

पानं उलटल्याचा आवाज झाला. सगळ्या माना मागे वळल्या. मॅनेजरसाहेबांनी त्यांच्याकडे बघून मान तुकवली. जाड चष्म्याच्या बाई म्हणाल्या, "ती बदकांची गोष्ट आम्हीही ऐकली होती. ते गृहस्थ तुम्हीच का? मग माझी शंका मी मागे घेते. तुम्ही बघितलंय म्हणजे प्रश्न मिटला." आणि त्यांनी पेन उचललं.

इतकी वर्षं जे हवं होतं ते सगळं एका मिनिटात त्यांच्या पदरात पडलं होतं. नाव छापून, माना वळून, साहेबांसकट. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर तळं मंजूर झालं असतं, बाई प्रमुख झाली असती आणि कधीतरी उजाडताना एखादं विमान त्या बगळ्यांत शिरलं असतं.

बुजगावणे उठले. खुर्ची मागे कलंडली. "मॅडम, सही करू नका," ते म्हणाले. "तळं तिथे चालणार नाही."

बायकोकडे त्यांनी बघितलंच नाही. नदी, झाडं, बगळे, उजाडणं, मावळणं, खांब, सगळं सांगितलं. कुठली रजिस्टरं काढायची तेही. उपायही सांगितला: पाणी जमिनीखालच्या बंद टाक्यांत घ्यायचं, वर गवत, वीतभर. थोडा पंप लागेल, थोडी वीज जाईल, पण पाखराला पाणी दिसणार नाही. परीक्षक मान डोलवत लिहून घेत होते. मग म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "पण मग तुम्ही आधी हो कसं म्हणालात?"

खोलीत एवढी माणसं. बुजगावणे म्हणाले, "नजरचूक झाली. माझी. यांची चूक नाही."

"कबूल केलंत हे मोठं आहे," त्या म्हणाल्या. "होतं असं. माणूस आहे." आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. तळ्याच्या जागी टाक्या घालून आराखडा मंजूर झाला. जिन्यात मॅनेजरसाहेबांनी बुजगावण्यांचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि ते आडनावच असल्यासारखी हाक मारली, बुजगावणेसाहेब म्हणून. ड्रायव्हरपर्यंत बातमी आधीच पोहोचली होती. तो म्हणाला, "आज कोपर सोडून पूर्ण माणूस दिसला म्हणे." बुजगावण्यांना हसू आलं नाही.

संध्याकाळी बाई घरी आली. पर्स खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, दोन कप चहा केला आणि समोर येऊन बसली. बुजगावण्यांनी अभिनंदन म्हटलं. ती म्हणाली, "थँक्यू." बराच वेळ चहा ढवळत राहिली. साखर कधीच विरघळली होती.

"अहो," ती म्हणाली, "तुमची नजर चुकत नाही."

बुजगावण्यांनी कप खाली ठेवला.

"तुम्ही मैलभरावरचं ठिपक्याएवढं पाखरू ओळखता. त्या दिवशी नकाशा माझ्यासमोर बघितलात. त्या टोकाचे बगळे तुम्ही रोज लिहिता. नजरचूक लोकांसाठी ठीक होती. मला खरं सांगा."

मूग गिळून बसणं आता शक्य नव्हतं. "दिसलं होतं," ते म्हणाले. "तेव्हाच दिसलं होतं. पण साहेब मला फोनवर कोण म्हणाले. सगळे तुझंच नाव घेतात. मी जळत होतो गं. वाटलं, तू एकदा अडावीस आणि माझ्याकडे यावीस."

"मी आलेच होते की तुमच्याकडे," बाई म्हणाली. "नकाशा घेऊन."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं बुजगावण्यांना वाटलं. तिने दोन्ही कप उचलून मोरीत ठेवले आणि नळ सोडला. तिच्या पिशवीतून नव्या नकाशाची गुंडाळी बाहेर डोकावत होती. टाक्यांवरच्या गवताचा होता, दुसऱ्या दिवशी सकाळीच द्यायचा होता. बुजगावणे उठून तिच्याजवळ गेले.

"तो गवताचा कागद आण," ते म्हणाले. "आत्ता बघून देतो. अगदी नीट बघतो."

"नको," ती पाठमोरीच म्हणाली. "उद्या ऑफिसात दाखवीन. चार माणसांसमोर."